क्रँकच्या बोल्टला गॅस लावण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची १९८४ची अॅम्बेसेडर, मार्क ४. अंबाजोगाईजवळच्या शेतात पत्र्याच्या शेडमध्ये, गोठ्याला लागून बारा-तेरा वर्षं उभी. मागच्या दिवाळीत तुम्ही ती चालू केली. चालते छान, पण पुढून टायमिंग कव्हरपाशी, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणापाशी, तेल गळतं. तिथलं सील बदलायचं तर क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली काढावी लागते आणि पुलीचा बोल्ट जागचा हलत नाही. दोन मिस्त्री थकले, ३४ची गोटी (सॉकेट) घसरून बोल्टाचे दोन कोपरे गोल झाले आणि तिसरा म्हणतोय, गॅसनं लाल करू, नाहीतर कापून काढू. वर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) दोन नटही जाम आहेत.

तिसऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि गॅसची टाकी परत पाठवा. कापायची वेळ आलेली नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तर बोल्ट जाम झालाय असंही मला वाटत नाही.

मी जालन्यात गॅरेज चालवतो, पस्तीस वर्षं होत आली. आजकाल पोट भरतं ते नव्या गाड्यांवर, पण अॅम्बेसेडर, पद्मिनी, जुनी जीप आली की पोरांना बाजूला सारून मीच हात घालतो. माझा अनुभव असा की न सुटणाऱ्या दहा बोल्टांपैकी चार-पाच खरोखर जाम असतात. बाकीचे आपल्याच चुकीनं सुटत नसतात.

आता तुमच्या बोल्टाचा विचार करू. गळती पुढूनच आहे, म्हणजे पुली, बोल्ट, खालचा भाग सगळं तेलानं माखलेलं असणार. तेलात भिजलेल्या लोखंडाला गंज कुठून येणार? गंजाला हवा आणि पाणी लागतं, तेल या दोघांना आत येऊ देत नाही. मॅनिफोल्डच्या नटांची गोष्ट उलटी. ते रोज तापतात, थंड होतात, उघड्यावर असतात आणि वर गोठ्याची ओल. तिथं खरा गंज आहे. म्हणजे एकाच इंजिनावर दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुमच्या मिस्त्रींनी दोन्हींना एकच औषध दिलं: फवारा मारा आणि दांडा लांब करा.

क्रँकच्या बोल्टाला नक्की काय धरून ठेवलंय, ते आधी बघू.

या गाडीत मूळचं पेट्रोल इंजिन असेल तर ते १४८९ सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी मालिकेतलं. अॅम्बेसेडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३, त्यामुळे नट-बोल्ट सगळे इंची. मात्र आपल्याकडे कित्येक अॅम्बेसेडरमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवलंय, आणि नव्वदीच्या दशकातल्या काहींमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आहे, त्याचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. म्हणून बॉनेट उघडून इंजिन कोणतं आहे ते आधी बघा. पुढचं सगळं मी जुनं १४८९ पेट्रोल धरून लिहितोय.

या इंजिनाच्या पुलीचा बोल्ट म्हणजेच हँडल मारायचा दाता. पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं ते याच बोल्टाच्या तोंडात अडकतं. त्याच्या मागे पत्र्याचा लॉक वायसर (वॉशर) असतो. बोल्ट आवळून झाला की या वायसरची कड छन्नीनं उचलून बोल्टाच्या सपाट बाजूवर दाबून बसवतात, म्हणजे बोल्ट आपोआप फिरत नाही. चाळीस वर्षांची तेलमाती, त्यावर कुणीतरी मारलेला काळा रंग, यात ती दुमडलेली कड दिसतच नाही. मग माणूस दांड्याला लटकतो, आणि जोर वाया जातो तो त्या पत्र्याला पिळण्यात. गोटीसुद्धा त्या कडेवर अडून अर्धवटच बसते. तुमचे दोन कोपरे गेले ते बहुतेक असेच.

तेव्हा आधी रेडिएटर काढा, त्याशिवाय तिथं नीट हात जात नाही आणि डोळाही जात नाही. पंख्याचा पट्टा काढा. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बोल्टाचं डोकं चांदीसारखं दिसेपर्यंत घासा. बॅटरीवर चालणारा दिवा लावा, उघडी बत्ती नको. वायसरची कड वर आलेली दिसली तर पातळ छन्नीनं तिला बोल्टापासून दूर सारा आणि हलक्या हातोडीनं पुलीकडे सपाट करा. पूर्ण सपाट व्हायला पाहिजे, अर्धवट नको. मी तर बोटानं चाचपून बघतो, डोळ्यावर विश्वास ठेवत नाही.

आता गोटी. या दात्याचं माप माझ्याकडे आलेल्या गाड्यांत १ ५/१६ इंच निघालंय. व्हर्नियर असेल तर मोजून घ्या, पण हिशेब बघा: १ ५/१६ इंच म्हणजे ३३.३४ मि.मी. ३३ची गोटी त्यावर चढत नाही. ३४ची चढते, पण अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खेळते. तेवढ्या ढिलाईत गोटी सपाट बाजूला न धरता कोपऱ्याला धरते आणि कोपरा खाते. दुकानदार ‘चौतीस चालते हो’ म्हणून देतो, कारण त्याच्याकडे तीच असते. १ ५/१६ची षट्कोनी गोटी मागवून घ्या, बारा कोनी नको. बारा कोनी गोटी कामाला सोयीची असते, पण घट्ट बोल्टाला ती कोपऱ्याजवळच धरते.

गोटी येईपर्यंत थांबायचं नसेल आणि कोपरे तसेही गेलेत, तर दुसरा मार्ग आहे. हायवेवर ट्रकच्या टायरवाल्याकडे चाकाच्या नटाची ३३ची जाड षट्कोनी गोटी मिळते. तुमच्या बोल्टापेक्षा ती फक्त ०.३४ मि.मी. लहान आहे. चपट्या कानशीनं बोल्टाच्या सहाही बाजू एकसारख्या, अगदी थोड्या घासा, दर बाजूला दहा-बारा हात. गोटी तोंडाशी धरू लागली की थांबा आणि ती ठोकून बसवा. ठोकून बसवलेली गोटी हलत नाही, गेलेल्या कोपऱ्यांचाही प्रश्न मिटतो. मात्र ठोकताना जपून. क्रँकवर समोरून घण घातला तर तो मार थेट थ्रस्ट वायसरवर, म्हणजे क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकतीवर जातो. एक किलोची हातोडी, मध्ये पितळेचा तुकडा, आणि दणका नको, टकटक हवी.

अजून एक बारीक गोष्ट. बहुतेक गोट्यांच्या तोंडाशी आतून उतार दिलेला असतो, बोल्टावर सहज चढावी म्हणून. पातळ डोक्याच्या बोल्टावर तो उतार म्हणजे पकड कमी. मी अशा कामासाठी एक गोटी ग्राइंडरवर तोंड घासून सपाट करून ठेवलीय, पोरांना तिला हात लावू देत नाही.

फिरवायची दिशा? गाडीसमोर उभं राहून बघितलं तर घड्याळाच्या उलट. आटे सरळ आहेत. हे हसण्यावारी नेऊ नका. गाडीखाली उताणं पडून, डोकं मागच्या चाकांकडे करून काम करताना भलेभले चुकतात आणि सोडवायच्या ऐवजी आवळत बसतात. मी सोळा वर्षांचा असताना उस्तादांकडे नवा-नवा लागलो होतो. एक जुनी विलीज जीप आली होती, डाव्या बाजूचं चाक काढायचं. पान्यावर उभा राहून उड्या मारल्या, नट हलला नाही. चौथ्या उडीला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला आणि मी फरशीवर. उस्ताद आले, काही बोलले नाहीत, बाजूच्या नटावरची तेलमाती अंगठ्यानं पुसली आणि त्यावर कोरलेलं इंग्रजी ‘एल’ अक्षर दाखवलं. त्या जीपांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. ‘पैले देख, फिर कूद,’ एवढंच म्हणाले. स्टडचे पैसे पगारातून कापले ते वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे क्रँक धरणं. तुमचे मिस्त्री म्हणे टॉप गियर टाकून, हँडब्रेक ओढून, पोराला ब्रेकवर बसवून दांडा ओढत होते. त्यानं इंजिन धरलं जातं खरं, पण मऊ. टायर थोडं दाबतं, क्लच थोडा देतो, प्रोपेलर शाफ्टचा खेळ असतो, इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर कलतं. तुम्ही दिलेला झटका बोल्टापर्यंत पोचेस्तोवर पाव राहतो. घट्ट बोल्ट सुटतो तो झटक्यानं, आणि झटका लागायचा तर क्रँक कडक धरलेला पाहिजे.

यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सेल्फ (स्टार्टर) काढायचा. त्याच्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते दिसतात, तिथं दात्यात बसेल असा कडक लोखंडाचा तुकडा घालून तो हाउसिंगला अडकवायचा. पेचकस घालू नका, तो वाकतो आणि रिंगचा एखादा दाता घेऊन जातो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. त्याला लागतो फक्त दोर. तुमच्याकडे शेत आहे, म्हणजे बैलाचा कासरा किंवा नायलॉनची दोरी असणारच. चारही प्लग काढा, इंजिन हलकं होतं. एक नंबरच्या, म्हणजे रेडिएटरकडच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि कुणाला तरी टॉप गियरमध्ये गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा. अंगठ्याला हवा जोरात ढकलू लागली की पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. त्यानंतर पिस्टन अगदी वर जाईल आणि खाली उतरू लागेल. खाली थोडा उतरू द्या, क्रँकचा पाव फेरा होण्याच्या आत थांबा. कुठं थांबायचं ते कळायला प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची लांब नळी किंवा लाकडी काडी पिस्टनवर टेकवून ठेवा, पिस्टन उतरला की ती उतरते. काडी काढून मगच पुढचं. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मग गाडी न्यूट्रल करा, चाकांना दगड लावा.

आता दोरी भोकातून आत सोडत राहा. भोक १४ मि.मी.चं, त्यामुळे करंगळीपेक्षा बारीकच दोरी घ्या. आत वेटोळी पडत पडत मीटरभर, दीड मीटर सहज जाते. बाहेरच्या टोकाला मोठी गाठ मारा आणि ते टोक स्टिअरिंगला बांधा. का, ते शेवटी सांगतो. आता बोल्ट सोडवायच्या दिशेनं क्रँक फिरवला की पिस्टन वर चढतो, दोरी त्याच्या आणि हेडच्या मध्ये दाबली जाते, आणि इंजिन जे थांबतं ते भिंतीसारखं. लोखंडाला लोखंड लागत नाही, काही फुटत नाही. सुती कासऱ्याचे तंतू आत सुटतात म्हणून मी नायलॉनची घेतो, पण गेवराईजवळ एकदा रस्त्याच्या कडेला बैलगाडीवाल्याकडून कासरा मागून घेऊन काम केलंय. परत करताना तो काळा झाला होता. शेतकऱ्यानं वास घेतला, म्हणाला, ‘आता बैल पेट्रोलवर पळंल.’

दांडा किती लांब घ्यायचा? या बोल्टाचा मूळ ताव, म्हणजे आवळायचा जोर (टॉर्क), साधारण ७० फूट-पाउंड आहे. एक मीटरच्या पाइपाच्या टोकाला पन्नास किलोचा माणूस लटकला तर सुमारे ३६० फूट-पाउंड होतात, म्हणजे पाचपट. पाचपटीला जो बोल्ट हलत नाही तो निव्वळ घट्ट नसतो, त्याला दुसरं काहीतरी धरतंय. तिथं पाइप दोन मीटरचा करू नका. थांबा आणि वायसरची कड परत बघा. पूर्वी कुणी छन्नीनं आटे ठेचून ठेवलेत का ते बघा, कारण असं ‘लॉक’ करणारे महाभाग आपल्याकडे आहेत.

ओढायची पद्धत अशी. आधी दोन-तीन छोटे झटके आवळायच्या दिशेनं द्या, अगदी किंचित. त्यानं आट्यांमधली पकड मोडते. मग सोडायच्या दिशेनं. दांडा हळूहळू ओढत जोर वाढवू नका, तळहातानं दणका द्या किंवा दांड्याच्या टोकाशी हातोडी मारा. सुटला की ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो. हा आवाज आणि गोटी घसरल्याचा आवाज यात फरक आहे, एकदा ऐकला की विसरत नाही. घसरताना आधी दांड्यात एक गुळगुळीत हालचाल जाणवते. तशी वाटली की तिथंच सोडा.

टायरवाल्याची हवेची गन मिळत असेल तर अर्धा मजकूर विसरा. गन फार मोठा जोर लावते म्हणून बोल्ट सुटतो असं नाही. ती मिनिटाला शेकडो छोटे ठोके मारते आणि क्रँक आपल्या वजनामुळे तेवढ्या वेळात जागचा हलत नाही, त्यामुळे धरायचीही फार गरज पडत नाही. धुळे-सोलापूर हायवेवर ट्रकच्या टायरच्या टपऱ्या दर चार-पाच किलोमीटरला आहेत. पण गाडी तिथवर न्यायची, रेडिएटर काढून तर नाहीच, म्हणून गनवाल्यालाच शेतावर बोलवावं लागेल.

सेल्फ मारून बोल्ट सोडवायची युक्ती तुम्ही विचारली आहे. होते ती. इंजिन समोरून बघताना घड्याळाच्या दिशेनं फिरतं, म्हणून दांडा अडवून सेल्फ मारला की क्रँक फिरतो, बोल्ट थांबतो आणि सुटतो. दांडा गाडीच्या डाव्या, म्हणजे क्लीनरच्या बाजूला आडवा टेकवायचा, खाली जाड लाकडी ठोकळा. उजव्या बाजूला टेकवलात तर तो वर उसळेल आणि जे समोर असेल ते फोडेल. कॉइलची वायर काढलेली पाहिजे, इंजिन चालू व्हायला नको. आणि माणसं सगळी लांब. मी ही युक्ती आयुष्यात चार-पाच वेळा केली असेल आणि दर वेळी छातीत धडधड झाली. तुमच्या गाडीवर दोरी आणि ३३ची गोटी असताना तिची गरज नाही. आतली दोरी तशीच ठेवून सेल्फ मारला तर काय होईल ते सांगायला नको.

आता मॅनिफोल्डचे नट. इथं मात्र खरा गंज आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो पाचरीसारखा बसतो. इथं घाई केली की नट सुटत नाही, स्टड तुटतो. माझ्या हातून तुटलाय. दुकान टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी एका डॉक्टरांची गाडी होती, त्यांना संध्याकाळी परभणीला जायचं होतं. मीही तरुण होतो, ‘दहा मिनिटांत देतो’ म्हणालो. स्टड हेडच्या तोंडाशी तुटला. त्यात इझी-आउट (तुटलेला स्टड उपसायचं हत्यार) घातला, तोही आत तुटला. इझी-आउट कडक पोलादाचा, त्यावर ड्रिल चालत नाही. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागलं आणि डॉक्टर एसटीनं गेले.

म्हणून पहिल्या दिवशी नटाला हात लावू नका. तारेच्या ब्रशनं दिसणारे आटे साफ करा. मग तेल. बाजारातले फवारे चालतात, पण डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवायला केलेलं रसायन आहे, नावातच ते आहे. घरी करायचं तर अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं तेल निम्मे-निम्मे. दोन्ही एकमेकांत मिसळून राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवा. अॅसिटोन पेट्रोलसारखंच पेट घेतं, रंगही उतरवतं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, तीन दिवस. थेंब टाकल्यावर नटाच्या डोक्यावर हातोडीनं दहा-पंधरा हलक्या टिचक्या. थरथरीनं तेल आत उतरतं, टिचक्या मारल्या नाहीत तर नुसतं वर बसून राहतं.

चौथ्या दिवशी तेल पूर्ण पुसून, वाळवून मग ताप. ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्यानं पुसू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनचं रसायन असतं आणि ते तापलं की विषारी वायू निघतो. कार्बोरेटर काढून बाजूला, पेट्रोलची नळी बंद आणि तोंड बांधलेलं, बॅटरीची तार सुटी, पाण्याची बादली आणि वाळू जवळ. घरगुती गॅसची छोटी बत्ती पुरते, ऑक्सिजनवाली नको, तिची ज्योत ३००० अंशांच्या वर जाते आणि दोन सेकंदांत सगळंच लाल होतं. आपल्याला लाल करायचंच नाही. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. दहा मिलिमीटरच्या भोकाचा नट दोनशे अंशांनी तापला तर भोक वाढतं जेमतेम ०.०२४ मि.मी.; तेवढ्यानंच गंजाची पाचर ढिली होते. पण ताप नटाला पाहिजे, स्टडला नाही. दोघं सारखेच तापले तर दोघं सारखेच फुगतात आणि फायदा शून्य. म्हणून ज्योत नटाच्या कडेला, गोल फिरवत, अर्धा-पाऊण मिनिट. मग बत्ती बंद करून मेणबत्ती नटाच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यात खेचलं जातं, ते डोळ्यांनी दिसतं, कड ओली होते. आता पाना लावा. पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. कुरकुरला की पुन्हा मेण. एकेका नटाला वीस मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

हेच तापवणं क्रँकच्या बोल्टाला का नको, ते आता कळलं असेल. तिथं नट नाही, बोल्ट आहे, आणि तो क्रँकच्या पोटात गेलेला. बोल्ट तापवला तर बोल्टच फुगतो आणि भोकात आणखी आवळतो. शिवाय मागे दोन बोटांवर सील, तेलाची ओल आणि तुमची मेहनत.

मॅनिफोल्डचे नट परत बसवताना लोखंडाचे बसवू नका. पितळेचे लांब नट मिळतात, ते स्टडला गंजून चिकटत नाहीत. आट्यांना तांब्याचं ग्रीस.

बोल्ट सुटला आणि पुली निघाली की कव्हरचं सील बदलण्याआधी पुलीचा मागचा गोल भाग बघा, जिथं सील घासतं तिथं. नखाला खाच लागत असेल तर नवं सीलही गळणार. खाच थोडी असेल तर सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवून ते नव्या जागेवर घासू द्यायचं, जास्त असेल तर पुलीच बदला. काही जुन्या इंजिनांना रबराऐवजी नमद्याचं सील असतं, ते बसवण्याआधी तेलात भिजवून घ्या. कव्हरचे बोल्ट आवळण्याआधी पुली घालून कव्हर मध्यावर आणा, नाहीतर सील एका बाजूनं दाबलं जातं आणि महिनाभरात तुम्ही पुन्हा रेडिएटर काढत बसाल. पुलीच्या खाचेतली अर्धचंद्र चावी पडून हरवते, ती आधीच डबीत ठेवा. आणि एकदा टॅपेट कव्हरवरची ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी, नळी फुंकून बघा. बारा वर्षं उभ्या गाडीत गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं मी पाहिलंय. ब्रीदर बंद असला की इंजिनातला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो, मग सील नवं असो की जुनं. खरं तर हे आधी बघायला पाहिजे होतं, पण आता रेडिएटर काढलाच आहे तर सीलही बदला.

बोल्टाचे कोपरे गेलेत, तेव्हा शक्य झालं तर दुसरा दाता शोधा. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या गाड्यांच्या भंगारात अॅम्बेसेडरचा दाता अजून मिळतो. मे २०१४मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाला तरी भंगारात माल पुष्कळ आहे. लॉक वायसर मात्र नवाच घाला, एकदा दुमडून सरळ केलेला पत्रा परत दुमडला की चिरतो. आवळायचा ७० फूट-पाउंडला, त्यासाठी मात्र दोरी उलट्या बाजूनं लागेल. आवळताना क्रँक घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून पिस्टन कॉम्प्रेशनला वर चढत असताना मध्येच थांबवून दोरी भरायची. मग वायसरची एक कड बोल्टाच्या सपाट बाजूवर.

आणि स्टिअरिंगला बांधलेली गाठ. दोरी आत विसरून प्लग लावलेले दोन इंजिन मी उघडले आहेत, त्यातलं एक माझ्याच पोरानं केलेलं. म्हणून गाठ अशा जागी बांधायची की ती सोडल्याशिवाय कुणाला ड्रायव्हरच्या सीटवर बसताच येणार नाही.